जीव घाबरा होण्याचा इतिहास



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही जालन्याच्या भट्ट्यांविषयी, किमान वेतनाविषयी किंवा ठेकेदारी पद्धतीविषयी बोलू, अशी त्यांची अटकळ होती. आम्ही ‘जीव घाबरा होणे’ हा विषय कळवला. त्यावर एका सद्गृहस्थांनी हसून विचारले, की हा विषय डॉक्टरांचा, तुम्ही त्यात कसे? त्यांचे म्हणणे खोटे नाही. आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे, पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. परंतु या दुखण्याला इतिहास आहे आणि तो इतिहास आम्ही वाचू लागलो तेव्हा आम्हांला असे दिसले, की त्यात डॉक्टरांइतकेच शिपाई, रेल्वेचे उतारू, मालक, वकील आणि दवाखान्यातल्या परिचारिका यांचेही हात गुंतलेले आहेत. तेव्हा हा विषय थोडासा आमचाही आहे.

वाचायला आम्ही का लागलो, ते आधी सांगितले पाहिजे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये मंठ्याकडचा एक तरुण कामाला होता. अंगापिंडाने धट्टाकट्टा, व्यसन नाही. एके दिवशी रातपाळीत काम करता करता त्याने छाती धरली आणि तो खाली बसला. घामाने न्हाऊन निघाला, हात थरथरू लागले, बोटांना मुंग्या आल्या आणि ‘मी मरतो, माझ्या घरी कळवा’ असे तो ओरडू लागला. सोबत्यांनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेले. तिथे पोहोचेपर्यंत निम्मे शिमले होते. इसीजी काढला, तो स्वच्छ निघाला. ‘काही नाही, गॅस आहे’ असे सांगून त्याला घरी पाठवले. आठ दिवसांनी पुन्हा तेच, पंधरवड्यात तिसऱ्यांदा तेच. मग तो रातपाळीला यायचे टाळू लागला, नंतर क्रेनखाली जाईना, आणि शेवटी मिलच्या फाटकाशी आला की त्याचे पाय लटपटत. मुकादमाने त्याचे नाव ‘नाटक्या’ ठेवले. व्यवस्थापनाने त्याला कमी केले, तेव्हा तो आमच्याकडे आला. आम्ही दवाखान्याचे कागद पाहिले. सगळ्या कागदांवर सगळे ठीक होते. आम्ही त्याला म्हणालो, ‘अरे, तुला काही नाही. मन घट्ट कर.’ त्याची बाजू आम्ही लढवली, परंतु अर्ध्या मनाने लढवली, कारण आत कुठेतरी मुकादमाचे म्हणणे आम्हांलाही पटले होते. हिशेबाची रक्कम घेऊन तो गावी गेला. कामगारांचा पुढारी म्हणवून घेणाऱ्याने कामगाराचा शब्द खोटा धरावा आणि कागदाचा खरा धरावा, ही गोष्ट पुढे आम्हांला फार लागली.

आता आपल्या भाषेकडे पाहा. या अवस्थेचे वर्णन करण्यात मराठी मुळीच दरिद्री नाही. जीव घाबरा होतो, छातीत धडधडते, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, प्राण कंठाशी येतात, धाबे दणाणते. शरीराच्या कोणत्या जागी काय होते, हे आपल्या वाक्प्रचारांनी नेमके टिपून ठेवले आहे. ‘धसका’ हा शब्द तर आपण इतिहासातही वापरतो. पानिपतचा धसका घेऊन नानासाहेब पेशवे २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर वारले, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. अर्थात पुत्रशोकाने आणि राज्याच्या चिंतेने महिनोन्महिने झिजणे वेगळे आणि भरल्या बाजारात एकाएकी मरणाची भीती अंगावर कोसळून अर्ध्या तासात ओसरणे वेगळे. या दोहोंत फरक आहे, तो करायला वैद्यकालाही फार काळ लागला. समर्थ रामदास आपल्याच जिल्ह्यातले, जांबचे. १६०८ चा त्यांचा जन्म. त्यांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात तिन्ही तापांचे वर्णन केले आणि आध्यात्मिक तापात देहाच्या दुखण्यांची लांबलचक यादी दिली. तिथे देहाची आणि मनाची दुखणी एकाच सदरात येतात. आमच्या मते ही वाटणी आजच्या पुष्कळ दवाखान्यांतल्या वाटणीपेक्षा शहाणपणाची आहे.

आपल्या जिल्ह्यातलीच दुसरी जागा असईची. केळणा आणि जुई या नद्यांच्या दुबेळक्यात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्ली याची लढाई झाली. त्याआधी तीन आठवड्यांवर, २ सप्टेंबरला, कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला होता. वेलस्लीची फौज त्या दिवशी वीस मैलांहून अधिक मजल मारून आली आणि तशीच तोफांच्या तोंडी गेली. शिंद्यांच्या कवायती पायदळावर पोलमन नावाचा हॅनोव्हरचा गृहस्थ होता आणि तोफखाना इतका उत्तम, की इंग्रजांकडचे मेलेले व जखमी मिळून पंधराशेंवर गेले. वेलस्लीच्या अंगाखाली दोन घोडी जायबंदी झाली. हाच पुढे वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्या रात्रीविषयी अशी आठवण नमूद आहे, की तो जखमी आणि मेलेल्या माणसांच्या शेजारीच जमिनीवर पडला होता, त्याला धड झोप लागेना आणि डोळा लागून उघडला की आपण आपले सगळे मित्र गमावले, एवढेच त्याच्या मनात येई. जिंकलेल्या सेनापतीची ही रात्र.

हे सांगताना आमचा हेतू असा नाही, की वेलस्लीला अमुक रोग होता. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाची नाडी आज कोणी पाहू नये. आम्हांला वाटते ते एवढेच, की त्याची रात्र इतिहासात राहिली, कारण तो सेनापती होता. त्याच मैदानावर दोन्ही बाजूंनी जे हजारो शिपाई होते, त्यांत आपल्या मुलखातलेही पुष्कळ, त्यांच्यापैकी कोण पुढे वर्षानुवर्षे तोफेच्या आवाजाने नव्हे तर नुसत्या ढगांच्या गडगडाटानेही घामाघूम होत असे, ते लिहून ठेवायला कोणी बसले नव्हते. त्यांच्या बायकांनी अंगारे आणले असतील. ‘बाहेरचे काही लागले’ असे शेजाऱ्यांनी म्हटले असेल.

शिपायांच्या छातीकडे डॉक्टरांचे लक्ष गेले ते त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी. कारण सरळ आहे. शिपाई निकामी झाला की सरकारचा खर्च वाया जातो. १८७० साली इंग्लंडच्या पलटणीतल्या मायर्स नावाच्या शल्यवैद्याने शिपायांत हृदयाची दुखणी इतकी का, याची चौकशी केली आणि दोष ठेवला गणवेशावर. छातीवर आवळलेले पट्टे आणि गळपट्टा यांमुळे हृदय गुदमरते, असे त्याचे म्हणणे. आम्ही हे वाचून हसलो. परंतु पट्टे सैल करा असे सांगणारा डॉक्टर ‘शिपाई ढोंग करतो’ म्हणणाऱ्यापेक्षा शतपटीने बरा, कारण तो दुखणे खरे मानून कारण शोधत होता.

पुढच्याच वर्षी, १८७१ मध्ये, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे डॉक्टर जेकब द कोस्टा यांनी यादवी युद्धातल्या तीनशे शिपायांवरून एक निबंध लिहिला. धडधड, छातीत कळ, धाप, चक्कर, आणि तपासले तर हृदयात मोठा बिघाड नाही. त्यांनी या दुखण्याला ‘चिडके हृदय’ अशा अर्थाचे नाव दिले. त्याच सुमारास बर्लिनमध्ये वेस्टफाल या डॉक्टरांनी तीन माणसांची हकिकत लिहिली. हे लोक शहाणेसुरते होते, परंतु मोकळा चौक एकट्याने ओलांडता येत नसे. जे जालन्यात मिलच्या फाटकाशी झाले, तेच बर्लिनच्या चौकात झाले होते. परंतु एकाने छाती पाहिली, दुसऱ्याने पाय पाहिले, आणि ही दोन टोके एकाच दोरीची आहेत हे कळायला आणखी नव्वद वर्षे जावी लागली.

मधला एक अध्याय मात्र खास आमच्या धंद्याचा आहे आणि त्यावर थोडे रेंगाळण्याची परवानगी आम्ही मागतो.

इंग्लंडात आगगाड्या वाढल्या तसे अपघात वाढले. अपघातातून धडधाकट सुटलेली माणसे काही दिवसांनी थरथरू लागत, झोपेत ओरडत, गाडीत पाऊल ठेवायला धजत नसत. ही माणसे नुकसानभरपाईसाठी कोर्टात गेली. १८६६ मध्ये एरिक्सेन या नामांकित शल्यवैद्याने मत दिले, की गाडीच्या हिसक्याने पाठीच्या कण्याला न दिसणारी इजा होते. त्या दुखण्याला ‘रेल्वेचा कणा’ असेच नाव पडले. उतारूंच्या वकिलांना हे मत मानवले. रेल्वे कंपन्यांना अर्थातच मानवले नाही. तेव्हा एका मोठ्या रेल्वे कंपनीचे शल्यवैद्य हर्बर्ट पेज यांनी १८८३ साली ग्रंथ लिहिला आणि शेकडो दाखले देऊन दाखवले, की कण्याला काही झालेले नाही, हा सगळा परिणाम नुसत्या भीतीचा आहे.

कंपनीच्या नोकरीतला डॉक्टर कंपनीच्या सोयीचे बोलतो, यात आम्हांला नवल वाटले नाही. असे डॉक्टर आम्ही पाहिले आहेत. नवल पुढचे आहे. ‘नुसत्या भीतीने’ हे सिद्ध करता करता पेजसाहेब हेही सिद्ध करून बसले, की हाड न मोडता, रक्त न सांडता, भीती एकटीच माणसाला खरोखर आजारी पाडू शकते. भरपाई चुकवायला जे हत्यार उपसले, त्यानेच मनाच्या दुखापतीला वैद्यकात जागा करून दिली. आपल्याकडे कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा होता. त्यात मोडलेल्या हाताचा हिशेब होता, तुटलेल्या बोटाचा हिशेब होता, कोणत्या बोटाचे किती टक्के हेही परिशिष्टात होते. भट्टीचा स्फोट डोळ्यांदेखत पाहिलेल्या आणि अंगावर ओरखडाही न उठलेल्या माणसाचा रकाना मात्र त्या परिशिष्टात नव्हता.

पुढचा भाग भरभर सांगतो. १८९५ मध्ये व्हिएन्नाच्या फ्रॉइड यांनी एकाएकी येणाऱ्या भीतीच्या झटक्यांचे वर्णन करून त्यांना मज्जातंतूंच्या सर्वसाधारण थकव्यापासून वेगळे काढले. पहिल्या महायुद्धात ‘सैनिकाचे हृदय’ पुन्हा पुढे आले. थॉमस लुईस या हृदयतज्ज्ञाने १९१८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. खंदकांत तोफगोळ्यांच्या वर्षावाखाली भ्रमिष्ट झालेल्या शिपायांविषयी १९१५ मध्ये दुसऱ्या एका मायर्स यांनी लिहिले. परंतु सगळ्यांना डॉक्टर भेटला नाही. भित्रेपणा आणि पलायन अशा आरोपांखाली ब्रिटिश फौजेने आपल्याच शिपायांना गोळ्या घातल्या. त्यांपैकी ३०६ जणांना सरकारने माफी दिली ती २००६ साली, म्हणजे नव्वद वर्षांनी. त्यांतल्या कितीजणांचे पाय आमच्या त्या तरुणासारखेच लटपटले असतील, ते कोणी सांगावे?

निर्णायक गोष्ट घडली ती न्यूयॉर्कच्या हिलसाइड इस्पितळात. १९५९ च्या सुमारास तिथे डोनाल्ड क्लाइन नावाचे तरुण डॉक्टर इमिप्रमिन हे नवे औषध रुग्णांना देऊन पाहत होते. एक रुग्ण कित्येक महिने दिवसातून तीन-चारदा परिचारिकांच्या टेबलाकडे धावत जाई आणि ‘मी मरतो’ म्हणून टाहो फोडी. त्या बायका त्याचा हात धरत, बसवत, मग तो शांत होई. औषध सुरू करून दोन-तीन आठवडे झाले तरी डॉक्टरांना फरक दिसेना, रुग्णही म्हणे की काही गुण नाही. फरक लक्षात आला तो परिचारिकांच्या. हा माणूस आता आमच्याकडे धावत येत नाही, असे त्या म्हणाल्या. सदैव असणारी चिंता तशीच होती, परंतु एकाएकी येणारे झटके थांबले होते. यावरून क्लाइन यांनी ताडले, की झटका आणि सर्वसाधारण काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चौकाची किंवा फाटकाची भीती ही झटका पुन्हा येईल या धास्तीतून मागाहून उपजते. १९६४ मध्ये त्यांनी हे मांडले आणि १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या रोगसूचीत या दुखण्याला स्वतंत्र नाव मिळाले. इंग्रजीत त्याला ‘पॅनिक डिसऑर्डर’ म्हणतात. पॅन हा ग्रीकांचा रानदेव. निर्जन रानात माणसाला एकाएकी भय वाटते ते त्याच्यामुळे, अशी त्यांची समजूत होती. आपल्याकडे त्याचा पत्ता वेशीबाहेरच्या वडावर सापडतो.

१९८६ साली इंग्लंडातल्या डेव्हिड क्लार्क यांनी आणखी एक धागा उलगडला. छातीत धडधडले, की माणूस त्याचा अर्थ लावतो. ‘हृदय बंद पडते आहे’ असा अर्थ लावला की भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड त्या अर्थाला पुरावा ठरते. रहाटगाडग्यासारखे हे चक्र चालते. हे समजल्यावर बोलून करायच्या उपचारालाही पाया मिळाला.

शरीरात होते काय? संकट दिसले की पळायला किंवा झुंजायला शरीर सज्ज होते. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात, हृदय जलद चालते, स्नायू ताणले जातात, घाम सुटतो. वाघ समोर असता तर हे सगळे उपयोगाचे. झटक्यात वाघ नसतो, तयारी मात्र तेवढीच असते. त्यात माणूस भराभरा श्वास घेतो, त्याने रक्तातला कर्बवायू कमी होतो, आणि मग बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके होते, भोवतालचे जग खरे नाहीसे वाटते. ते सगळे खरेच घडत असते. इसीजीच्या कागदावर ते उमटत नाही, इतकेच.

ओळखायचे कसे, तर पहिली खूण वेगाची. झटका एकाएकी येतो, काही मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. धडधड, घाम, कंप, धाप, गळा आवळल्यासारखे होणे, छातीत दुखणे, मळमळ, चक्कर, अंगात गरम किंवा गार शिरशिरी, मुंग्या, आपण आपल्यात नाही असे वाटणे, आणि या सर्वांवर ‘मी आत्ता मरणार’ किंवा ‘मला वेड लागणार’ ही भीती. यांपैकी चार-पाच गोष्टी एकत्र आल्या की डॉक्टर झटका म्हणतात. एखादा झटका पुष्कळांना आयुष्यात येऊन जातो, तो रोग नव्हे. झटके पुन्हापुन्हा येऊ लागले आणि पुढच्याच्या धास्तीने माणूस महिनाभर किंवा अधिक काळ बस, बाजार, लग्न, पाळी टाळू लागला, म्हणजे दुखणे मुक्कामाला आले असे समजावे. बायकांत याचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आढळते. आमच्या मिलमधल्या मंडळींना हे सांगितले, की ते घरातल्या कोणाचे तरी नाव घेतात आणि मग आपले स्वतःचे सांगतात.

इथे एक गोष्ट आवाज चढवून सांगतो. छातीत दुखले तर ‘हा झटकाच असेल’ असे घरबसल्या कोणीही ठरवू नये. पहिल्या वेळी दवाखाना गाठलाच पाहिजे. वय चाळिशीपुढचे असेल, तंबाखू, मधुमेह, रक्तदाब असेल, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात उतरत असेल, तर क्षणभरही थांबू नये. कंठग्रंथीचा विकार, रक्तातील साखर उतरणे, पांडुरोग, दमा यांतही जीव असाच घाबरा होतो. भट्टीसमोर काम करणाऱ्याला वैशाखात उष्माघात होऊ शकतो, त्याला धीर देत बसलात तर तो दगावेल. शरीर आधी तपासून घ्यावे. आमचा तंटा तपासणीशी नाही, तपासणीनंतर उच्चारल्या जाणाऱ्या ‘काही नाही’ या दोन शब्दांशी आहे. ‘हृदयाला काही नाही’ हे वाक्य खरे. ‘तुला काही नाही’ हे खोटे.

झटका आलेल्या माणसाजवळ काय करावे? गर्दी हटवावी, जवळ बसावे, हळू आवाजात सांगावे की हे भयंकर वाटते आहे पण ते ओसरणार आहे. श्वास सोडताना लांबवर, सावकाश सोडायला सांगावे, आणि तुम्हीही त्याच्याबरोबर सोडावा. तोंडावर कागदी पिशवी धरण्याची जुनी युक्ती आता डॉक्टर सांगत नाहीत. दुखणे हृदयाचे किंवा फुप्फुसाचे असेल तर ती घात करते. कांदा हुंगवू नये, थोबाडीत मारू नये. ‘मर्द असून घाबरतोस?’ हे तर मुळीच म्हणू नये. आम्ही म्हटले होते, म्हणून सांगतो.

आणि पुढे डॉक्टरकडे न्यावे, मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरकडे. ‘मला काय वेड लागले?’ असे प्रत्येक जण विचारतो. या दुखण्यात वेड लागत नाही. चार्ल्स डार्विन यांना आयुष्यभर धडधडीचा आणि अशाच तक्रारींचा त्रास होता, गर्दीत जाणे ते टाळत. तो त्रास याच जातीचा असावा, असे मत १९९७ मध्ये काही डॉक्टरांनी मांडले. सगळ्यांना ते मान्य नाही. असो. उपचार दोन तऱ्हेचे आहेत. एक बोलण्याचा, ज्यात ते रहाटगाडगे कसे थांबवायचे आणि टाळलेल्या जागी पायरीपायरीने परत कसे जायचे ते शिकवतात. दुसरा औषधांचा. ही औषधे गुण यायला काही आठवडे घेतात, तेव्हा आठ दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडू नयेत, आणि बरे वाटले म्हणून मनानेच बंदही करू नयेत. झोपेच्या व गुंगीच्या गोळ्या तात्काळ आराम देतात, परंतु त्यांची सवय लागते. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या अशा गोळ्यांवर वर्षानुवर्षे काढलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. दारूची गोष्ट तीच. रात्री भीती उतरते आणि सकाळी व्याजासकट परत येते.

देवदेवस्कीविषयी आम्ही कठोर बोलत नाही. दर्ग्यात किंवा देवळात बसून कोणाला शांत वाटत असेल तर त्याने अवश्य बसावे. मात्र साखळदंड, मारझोड आणि धुरी यांना आमचा विरोध आहे, आणि महाराष्ट्रात २०१३ पासून असल्या अघोरी प्रकारांविरुद्ध कायदाही आहे.

आपल्या देशात या बाबतीत कायद्याची भाषा कशी बदलत गेली, तेही पाहण्यासारखे आहे. १९१२ चा कायदा ‘वेड्यांचा’ होता. १९८७ चा ‘मानसिक आरोग्याचा’ झाला. २०१७ चा कायदा मे २०१८ पासून लागू झाला, त्याने मानसिक उपचार मिळणे हा हक्क ठरवला आणि शरीराच्या दुखण्याप्रमाणेच मनाच्या दुखण्यालाही विम्याचे संरक्षण द्यावे असे बजावले. शब्द बदलायला शंभर वर्षे लागली. खाटा तर त्याहून सावकाश सरकतात. राज्याची चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. जालन्यात असे रुग्णालय उभारायला सरकारने अलीकडे मंजुरी दिली खरी. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, हजारो माणसे झोपेतच गाडली गेली, आणि जगलेली माणसे छपराखाली झोपायला भीत होती, त्या वेळी या आठ जिल्ह्यांत मनाच्या डॉक्टरांचा शोध दिव्याने घ्यावा लागला असता. २०१५ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहून सरकारने मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात जालना आहे. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांचा बाह्यरुग्ण विभाग असतो, तिथे जायला लाज वाटण्याचे कारण नाही. आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, दिवसरात्र चालू, फुकट, मराठीतही बोलता येते. आम्ही हा क्रमांक युनियनच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवला आहे. सभेची सूचना लिहायला जागा कमी पडते, तरी तो पुसत नाही. पहिल्याच आठवड्यात एका भट्टीवाल्याने आम्हांला बाजूला घेऊन विचारले, ‘भाऊ, फोन केला तर मिलमध्ये कळतं का?’ कळत नाही, असे आम्ही त्याला सांगितले. त्याने फळ्याकडे पाठ करून क्रमांक हातावर लिहून घेतला.

त्या मंठ्याकडच्या तरुणाचे काय झाले, असे कोणी विचारील. गेल्या वर्षी आम्ही त्याच्या गावी गेलो. तो आता चाळिशीला टेकला आहे, मोसंबीची थोडी बाग आहे. झटके पाच-सहा वर्षे येत राहिले. तोवर त्याने जालन्याचा बाजार पाहिला नाही, बहिणीच्या लग्नाला मंडपात उभा राहिला नाही. पुढे मेहुण्याने आग्रहाने छत्रपती संभाजीनगरला डॉक्टरांकडे नेले आणि वर्षभरात माणूस मार्गी लागला. आम्ही त्याच्यासमोर बसून हे सारे, तुम्हांला सांगितले तसेच, असईपासून न्यूयॉर्कपर्यंत सांगितले आणि आमची चूक कबूल केली. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘म्हंजे भाऊ, त्या वक्ताला बी हे पुस्तकात लिहिलेलं होतं?’

होते, असे आम्हांला म्हणावे लागले. त्याने चहा मागवला आणि बागेला पाणी कमी पडते त्याविषयी बोलू लागला.